वेधन, दिशानियंत्रित क्षैतिज

नदी, लोहमार्ग, हमरस्ता यांसारख्या अडथळ्यांचा पृष्ठभाग न उकरता त्यांच्याखालून तेलाचा अथवा वायूचा नळ नेण्याची पद्धत. ‘क्षैतिज’ असे नाव असले, तरी छिद्राचा मार्ग प्रत्यक्षात उथळ उलट्या कमानीसारखा असतो. मार्टिन चेरिंग्टन या अमेरिकन कंत्राटदारांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पाहारो नदीखालून सु. १८० मी. लांबीचा वायूचा नळ नेण्यासाठी ती वापरली. नदीपार नळमार्गासाठी तिचा हा पहिला उपयोग मानला जातो.

कार्यपद्धती : हे काम तीन टप्प्यांत होते. प्रथम एका तीरावरील तिरप्या यंत्राने साधारणपणे ८° ते २०° कोनात लहान व्यासाचे मार्गदर्शक छिद्र पाडतात. वेधनाग्रामागील दांड्याला किंचित बाक असतो. तो ज्या बाजूस रोखून पुढे रेटावा, त्या बाजूस छिद्र वळते. अग्राचे स्थान चुंबकीय मापकांनी समजते. त्यानंतर क्रमाने अधिक व्यासाची हत्यारे फिरवून छिद्र रुंद करतात. अखेरीस पैलतीरावर वितळजोडाने सांधून, पाण्याच्या दाबाने तपासून व गंजरोधक लेप देऊन सिद्ध ठेवलेला नळ छिद्रातून ओढून घेतात.

या सर्व काळात बेंटोनाइट ही मृत्तिका मिसळलेले पाणी छिद्रात दाबाने खेळविलेले असते. ते खडकाचा चुरा बाहेर आणते, अग्र थंड ठेवते आणि छिद्राच्या भिंतींना आधार देते. मात्र त्याचा दाब वरील थरांच्या बळाहून वाढल्यास ते भेगांतून नदीपात्रात फुटते. बेंटोनाइट विषारी नसले, तरी त्याचे सूक्ष्म कण माशांच्या अंड्यांवर साचून ती गुदमरतात. त्यामुळे दाबावर व परत येणाऱ्या द्रवाच्या प्रमाणावर सतत लक्ष ठेवावे लागते.

ट्रान्स माउंटन विस्तार : कॅनडातील एडमंटन ते बर्नबी हा नळमार्ग १९५३ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता दररोज ३ लक्ष पिंपांवरून ८.९ लक्ष पिंपांवर नेण्यासाठी सु. ९८० किमी. नवा नळ टाकण्यात आला. सॅमन माशांसाठी विख्यात असलेली फ्रेझर नदी कोक्विटलम व सरी या शहरांदरम्यान याच पद्धतीने ओलांडली गेली. होप व चिलिवॅक यांमधील डोंगराळ भागात मात्र सु. २.३ किमी.च्या वेधनात अतिकठीण खडक लागला. तेथे ९१४ मिमी.ऐवजी ७६२ मिमी. व्यासाचा नळ वापरू देण्याची विनंती नियामक मंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये फेटाळली. नळाची गुणवत्ता व सुरक्षितता यांविषयी त्याला शंका होत्या. जानेवारी २०२४ मध्ये मंडळाने अटींसह संमती दिली. मोठ्या नळांसाठी छिद्र नळाहून सु. ३० सेंमी. अधिक व्यासाचे ठेवतात. या हिशेबाने व्यासातील ही घट खोदावयाच्या खडकाचे घनफळ सु. एकचतुर्थांशाने कमी करते. हा मार्ग १ मे २०२४ रोजी व्यापारी वाहतुकीस खुला झाला.

मर्यादा : चिकणमाती, वाळू व एकसंध खडक या पद्धतीस अनुकूल असतात. भरड रेव व गोट्यांच्या थरांत छिद्र ढासळते, तर फार कठीण खडकात काम मंदावते व हत्यारे लवकर झिजतात. पृष्ठभाग वाचविण्याचा हा उपाय भूगर्भाच्या माहितीवर अवलंबून असल्याने मार्ग ठरविण्यापूर्वी पुरेशी परीक्षण-छिद्रे घेणे आवश्यक ठरते.