पाण्यावरचा नियम आणि काठावरचा हिशेब

सत्कार्यासाठी निधी उभारावयाचा तर त्या निमित्ताने एखादा खेळ किंवा करमणूक योजावी, ही प्रथा आता तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. कोठे क्रिकेटचे सामने होतात, कोठे गाण्याची मैफल, तर कोठे धावण्याची शर्यत. प्रवेशिका खपतात, फलकांवर प्रायोजकांची नावे झळकतात, व्यासपीठावरून दातृत्वाचा गौरव होतो. ज्या कार्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्याच्या पदरात अखेर काय पडले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. विचारलेच तर तो असभ्यपणा ठरतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारणे भागच आहे. त्याचे उत्तर शोधताना एका दूरच्या खेळाची नियमावली आपल्याला उपयोगी पडेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तो खेळ म्हणजे शिडाच्या नौकांची शर्यत.

अशा शर्यती धर्मादाय हेतूने भरविण्याची रीत अमेरिकेत १९८० च्या दशकापासून चांगली रुळली आहे. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी व रुग्णांच्या साहाय्यासाठी तेथे ‘ल्युकेमिया चषक’ शर्यती ठिकठिकाणी होतात. मृत्यूच्या उंबरठ्यावरील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिस संस्थांसाठीही शर्यती होतात, आणि गावोगावचे विजेते पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी एकत्र येतात. असे काही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात करावयाचे ठरले तर काय करावे लागेल, याचा विचार अगदीच अप्रस्तुत नाही.

दुष्काळी मुलखात शिडे?

अवर्षणाने पिडलेल्या जिल्ह्यात शिडांची भाषा कोणाला चैनीची वाटेल. परंतु भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, त्याला आता शंभर वर्षे होत आहेत. त्याच्या जलाशयाची क्षमता सुमारे ११ अब्ज घनफूट, तर राहुरीजवळच्या मुळा धरणाची २६ अब्ज घनफूट आहे. या पाण्याच्या वाटणीवरून जिल्ह्याजिल्ह्यांत वाद आहेत, आणि कालव्याचे एक आवर्तन चुकले तरी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. शिडाच्या नौकेचे वैशिष्ट्य हे की ती या पाण्यातला एक थेंबही खर्च करीत नाही आणि इंजिन नसल्याने त्यात तेलही सांडत नाही. एकाने उपयोग केल्याने दुसऱ्याच्या वाट्यात घट येत नाही, असे उपयोग अर्थशास्त्रात विरळाच आढळतात. हा त्यांपैकी एक होय.

तसेच हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे, हेही पूर्ण सत्य नव्हे. सांगलीला कृष्णेच्या पात्रात होणाऱ्या वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती गावकऱ्यांच्याच जिवावर चालतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यासारख्या कोरडवाहू भागातून आलेल्या दत्तू भोकनळ यांनी लष्करात गेल्यानंतर वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळविला. शिडाच्या नौकेचा इतिहासही हेच सांगतो. आज जगभर लहान मुले ज्या ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या नौकेवर पहिले धडे गिरवितात, तिचा आराखडा क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात केला. त्याच नावाच्या एका सेवाभावी क्लबाला साध्या घरातील मुलांना परवडेल अशी नौका हवी होती. म्हणून ती प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून बेतली गेली. हैदराबादेत हुसेनसागरावर गरीब वस्त्यांतील मुलांना शीडनौका शिकविण्याचे कार्य अलीकडे चालू आहे.

जिल्ह्यापुरते सत्कार्यही शोधावे लागणार नाही. दर उन्हाळ्यात शेततळ्यात बुडून मुले दगावल्याच्या वार्ता आपण वाचतो व पान उलटतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या निसरड्या उतारावरून वर येणे मोठ्या माणसालाही जड जाते. पाणी साठविण्याची विद्या आपण शिकलो, परंतु त्या पाण्यातून जिवंत बाहेर पडण्याची विद्या मुलांना शिकविली नाही. पोहण्याचे शिक्षण, तळ्याला कुंपण, काठाशी बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब या अल्पखर्चाच्या गोष्टी आहेत. पाण्यावरच्या शर्यतीने या कार्यासाठी निधी उभारावा, हे सर्वथा उचित ठरेल.

स्वतःच स्वतःचा पंच

आता नियमांकडे वळू. या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम ‘वर्ल्ड सेलिंग’ ही संघटना दर चार वर्षांनी सुधारून प्रसिद्ध करते; सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ या काळासाठी आहे. भारतात यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना त्यांची व्यवस्था पाहते. मूळ नियम साधे आहेत. ज्या नौकेला डाव्या अंगाने वारा लागतो तिने उजव्या अंगाने वारा घेणारीला वाट द्यावी. दोघींनाही एकाच अंगाने वारा लागत असून त्या लगत आल्या असतील, तर वाऱ्याच्या बाजूच्या नौकेने दुसरीपासून दूर राहावे. वाऱ्याला सरळ सामोरे जाता येत नसल्याने नागमोडी वाटेने पुढे सरकत, पाण्यात टाकलेल्या बोयांना ठरलेल्या बाजूने वळसा घालून अंतिम रेषा गाठावयाची असते. पहिल्या क्रमांकास एक गुण, दुसऱ्यास दोन. अनेक फेऱ्यांअंती ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता.

परंतु या नियमावलीचा प्राण वेगळ्याच ठिकाणी आहे. फुटबॉलप्रमाणे येथे प्रत्येक खेळाडूमागे शिट्टी घेऊन धावणारा पंच सहसा नसतो. विस्तीर्ण पाण्यावर तो असणे शक्यही नाही. म्हणून नियमभंग झाला असे ज्याला कळले, त्याने आपण होऊन शिक्षा घ्यावी, अशी अपेक्षा नियमावलीच्या आरंभीच नोंदलेली आहे. दुसऱ्या नौकेला वाट न देणाऱ्याने लगेच बाजूला होऊन आपली नौका दोनदा पूर्ण गोल फिरवावी. बोयाला स्पर्श झाला तर एकदा. त्यात थोडी पिछेहाट होते, पण शर्यत चालू राहते. चूक नाकारून जो तसाच पुढे गेला, त्याच्याविरुद्ध दुसरा स्पर्धक तक्रार नोंदवितो. काठावर रीतसर सुनावणी होते, आणि दोष सिद्ध झाल्यास ती फेरी बाद होते. कबुलीची किंमत अल्प व लपवाछपवीची किंमत मोठी, अशी ही रचना आहे. माणसे देवदूत असतील असे गृहीत न धरता, प्रामाणिकपणा परवडेल अशी व्यवस्था तिने केली आहे.

दुसरा नियम तर सर्वांत आधी येतो: संकटातील व्यक्तीला शक्य ते सर्व साहाय्य केलेच पाहिजे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील नौकांच्या शर्यती पुसान येथे झाल्या. त्यांत कॅनडाचे लॉरेन्स लेमिअ हे एका फेरीत दुसऱ्या स्थानावर असताना, उलटलेल्या नौकेतील सिंगापूरच्या खलाशांना वाचविण्यासाठी मार्ग सोडून गेले. पदकाची संधी हुकली, तरी मदतीपूर्वी ते ज्या स्थानावर होते ते दुसरे स्थान पंचांनी त्या फेरीपुरते त्यांना बहाल केले. मदत करणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची तरतूद नियमांतच आहे. चांगुलपणाला दंड होऊ नये, हे तत्त्व कोणत्याही धर्मादाय कार्याच्या आयोजकांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

अधिकारांची विभागणी

संघटनेच्या बाबतीतही हा खेळ दक्ष आहे. स्पर्धा भरविणारी संस्था एक, प्रत्यक्ष शर्यत चालविणारी समिती दुसरी, आणि तक्रारी ऐकणारी समिती तिसरी. ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्याने निवाड्यास बसू नये, हा दंडक आहे. सर्व अटी आगाऊ लेखी सूचनेद्वारे जाहीर होतात. ऐन वेळी कोणा वजनदार पाहुण्यासाठी त्या बदलत नाहीत. आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडेल. जलाशयावर उतरण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी हवी. आणि नोंदणीकृत नसलेल्या मंडळाला सत्कार्यासाठी पैसे गोळा करावयाचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे कलम परिचयाचे आहे. प्रत्येक स्पर्धकाच्या अंगात तरंगजाकीट आणि पाण्यात बचाव नौका यांविना शर्यतीची तोफ उडता कामा नये. बुडणाऱ्या मुलांसाठी भरविलेल्या शर्यतीतच कोणी बुडाले, तर त्याहून मोठी नामुष्की ती कोणती?

पैशाचे नियम

समजा, एका स्पर्धेत पाच लाख रुपये जमले. मंडप, ध्वनिक्षेपक, स्मृतिचिन्हे व पाहुण्यांचे भोजन यांत साडेचार लाख गेले. पन्नास हजारांचा धनादेश सोहळ्यात दिला गेला आणि वृत्त मात्र ‘पाच लाखांचा निधी’ असे झळकले. यात कोणी पैसा खाल्ला असेलच असे नाही. तरीही दात्याच्या शंभर रुपयांतील नव्वद मंडपातच संपले. दाते तेवढीच रक्कम थेट देऊ शकत असतील, तर शर्यत हा एक खर्चिक मध्यस्थ ठरतो. जे एरवी दिले नसते असे दान तिच्यामुळे मिळाले, अथवा नौका, तरंगजाकिटे व पोहता येणारी मुले अशी टिकाऊ पुंजी मागे राहिली, तरच तिचे समर्थन होऊ शकते.

यासाठी चार नियम स्पर्धेच्या सूचनापत्रातच छापावेत. पहिला, आयोजनाचा खर्च प्रवेशशुल्क व प्रायोजक यांतूनच भागवावा. लोकांची देणगी पूर्णपणे सत्कार्याला जावी, आणि दोहोंची बँक खाती निरनिराळी असावीत. दुसरा, वेगाचे पारितोषिक व निधिसंकलनाचे पारितोषिक वेगवेगळे असावे. अधिक देणगी आणणाऱ्यास पाण्यावर एकही गुण मिळू नये. तिसरा, तीस दिवसांच्या आत हिशेब जाहीरपणे वाचून दाखवावा. चौथा, त्यावर कोणाही दात्याला तक्रार नोंदविता यावी व ती आयोजकांबाहेरच्या त्रयस्थांनी ऐकावी. एखादी पावती हरवली वा खर्च अंदाजाबाहेर गेला असे चिटणिसाने स्वतः सांगितले, तर ते दोन गिरक्या घेतल्यासारखे मानून पुढे जावे. लपविलेले उघडकीस आले, तर त्या मंडळाला पुढील स्पर्धेपासून दूर ठेवावे.

एवढ्या काटेकोरपणाने कार्यकर्त्यांचा उत्साह मावळेल, अशी शंका घेतली जाईल. तिचे उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि पाऊस किती झाला ते पाहून पिके ठरतात. त्या हिशेबाने गावाचा उत्साह मावळला नाही, उलट परस्परांवरचा विश्वास वाढला. पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडणाऱ्या या जिल्ह्याला पैशाचा हिशेब मांडणे अवघड जाऊ नये.

मुळा अथवा भंडारदऱ्याच्या पाण्यावर शिडे उभी राहतील तेव्हा राहोत. तोवर आपल्या गावच्या क्रिकेट सामन्याला, मैफलीला वा धावण्याच्या शर्यतीलाही हेच चार नियम लावता येतील. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढल्या वेळी कोणी पावतीपुस्तक घेऊन दारी येईल तेव्हा शिक्षक, लिपिक व विद्यार्थी यांनी देणगी अवश्य द्यावी. मात्र देताना हिशेब केव्हा व कोठे वाचला जाणार, हे विचारून ती तारीख पावतीच्या पाठीवर लिहून घ्यावी.