आकडा नव्हे, आकड्याची चाल

तुमच्या-माझ्या शरीरात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू बहुधा आहेच. डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात. भारतातल्या बहुसंख्य प्रौढांना त्याची लागण कधीच होऊन गेलेली असते. लहानपणी आईच्या दुधातून किंवा कुणाच्या लाळेतून तो येतो, बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि मग तो आयुष्यभर जात नाही. अस्थिमज्जेत जिथे रक्तपेशी घडतात, तिथल्याच काही पेशींत तो निपचित पडून राहतो. त्याला तसं पडून राहायला लावतात आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी. ज्यांना लागण झाली आहे अशा निरोगी माणसांत, जुन्या शत्रूंची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशींपैकी सरासरी दहा टक्के या एकट्या विषाणूसाठी राखीव असतात. केवढा हा खर्च, आणि तोही आपल्याला न कळता!

आता ल्युकेमियाच्या रुग्णाकडे पाहू. दात्याच्या मूळपेशी देण्याआधी केमोथेरपीने, कधी रेडिएशनने, त्याची जुनी मज्जा रिकामी करतात. दोनतीन आठवड्यांत नव्या पेशी रुजतात, पांढऱ्या पेशींचा आकडा वर येतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. टी-पेशींची फळी पुन्हा उभी राहायला मात्र महिने लागतात. शिवाय दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर उलटू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच असतात. या मधल्या काळात सीएमव्ही जागा होतो. पूर्वी त्याची खबर लागायची ती थेट न्यूमोनिया झाल्यावर, आणि तेव्हा बहुतेक रुग्ण वाचत नसत.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 साली भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. डीएनएचा एक तुकडा दर आवर्तनात दुप्पट करायचा. तीस आवर्तनांत एकाचे 107 कोटी होतात. पुढे त्यात चमकणारं रसायन घालून ही वाढ होत असतानाच पाहता येऊ लागली. चमक जितकी लवकर दिसेल, तितक्या विषाणूच्या प्रती मुळात जास्त. सव्वातीन आवर्तनं आधी दिसली, की साधारण दहापट जास्त. अंगात ताप नाही, खोकला नाही, माणूस जेवतोय, हसतोय; तरी चमचाभर रक्तातून विषाणू उठल्याची बातमी मिळते. हे मला आजही थक्क करतं.

त्याहून मोठं आश्चर्य लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये उलगडलं. प्रयोगशाळेच्या बशीत सीएमव्ही इतका सावकाश वाढतो, की त्याला संथ विषाणूच समजत. व्हिन्सेंट एमरी आणि पॉल ग्रिफिथ्स यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तातले आकडे ओळीने मांडले, तेव्हा दिसलं की माणसात तो सुमारे एका दिवसात दुप्पट होऊ शकतो. म्हणजे आठवड्यात 128 पट! म्हणून ही तपासणी आठवड्यातून निदान एकदा करावी लागते. आणि म्हणूनच एकटा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. गॅसवरचं दूध किती आहे यापेक्षा ते वर चढतंय का, हे आपण पाहतो, तसंच इथेही. 800 प्रतींवर थांबलेल्या रुग्णापेक्षा 100 वरून 600 वर गेलेल्याची काळजी डॉक्टरांना जास्त वाटू शकते.

मग सगळ्यांनाच आधीपासून औषध का देऊ नये? कारण गॅन्सिक्लोव्हिर हे नेहमीचं औषध नव्याने रुजणाऱ्या मज्जेलाच दाबतं. 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेटरमोव्हिर मज्जेला तसं दाबत नाही, म्हणून ते प्रतिबंधासाठी देता येतं. तरीही मोजणी थांबत नाही. एपस्टीन-बार विषाणूचीही अशीच मोजणी होते, कारण तो बी-पेशींना बेसुमार वाढायला लावून गाठी निर्माण करू शकतो.

पण सगळ्यात विलक्षण कोडं घालतो तो एचएचव्ही-6 नावाचा विषाणू. जगातल्या सुमारे एक टक्का माणसांच्या गुणसूत्राच्या टोकाला हा अख्खा विषाणू चिकटलेला असतो, आईवडिलांकडून वारशाने आलेला. असा दाता मिळाला, तर नव्या पेशी रुजतील तसा रुग्णाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रतींचा आकडा, चढत जातो, थेट लाखांत, आणि औषधाने खाली येत नाही. बारकाईने पाहिलं तर हिशोब जुळतो: पांढऱ्या पेशी जितक्या, साधारण तितक्याच प्रती. रुग्णाच्या केसाच्या मुळाशी तो सापडत नाही, कारण केस रुग्णाचे स्वतःचे असतात. म्हणजे एवढा मोठा आकडा आजाराचा नव्हे, तर दात्याची मज्जा नीट रुजल्याचा असू शकतो.

आकड्यांची भाषा सगळीकडे एक व्हावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये सीएमव्हीचं प्रमाणित माप ठरवलं. त्याआधी एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांतले आकडे शंभरपटीनेही वेगळे येत. आजही पद्धत बदलली, किंवा प्लाझ्माऐवजी पूर्ण रक्त तपासलं, की आकडा बदलतो. तेव्हा तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा, जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून ठेवा, आणि रुग्णाला कितीही बरं वाटत असलं तरी डॉक्टरांनी सांगितलेला एकही आठवडा चुकवू नका.