वाघ बघायला जाताना

यंदा आपल्या गटांच्या सहलीसाठी ताडोब्याचं नाव निघालंय. "सफारी म्हणजे काय गं, आपल्याला झेपेल का?" असं बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून आज त्याविषयी.

सफारी हा आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ प्रवास, आपल्या 'सफर'सारखाच. तिकडे सेरेंगेटीच्या मोकळ्या माळावर सिंह लांबूनही दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोब्यात मात्र साग आणि बांबू दाट. वाघ दिसेलच, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. अंधारी अभयारण्य जोडून त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. नुसता गाभा 625 चौरस किलोमीटर आहे.

आता कामाचं. बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर आधी करायचं. एका जिप्सीत सहा जणी, सोबत गाईड. मूळ ओळखपत्र जवळ हवं. मंगळवारी जंगल बंद. पावसाळ्यात गाभाही बंद असतो. कपडे खाकी किंवा हिरवट घाला. गाडीतून उतरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

पण तिथे आपल्यासारख्या बायाही राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग तेंदूपत्ता, वर्षभर सरपण, यासाठी त्या पायीच जंगलात जातात. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, आणि घात होतो. आपण गाडीत बसून ज्याला बघणार, त्याची भीती त्यांच्या रोजच्या कामात आहे. म्हणून सरपणाची खेप कमी करणारा गॅस तिथे फार मोलाचा. काही बाया आता गाईड झाल्यात, म्हणजे वाघामुळे घरात पैसाही येतो. कोळसा, बोटेझरी, नवेगावसारख्या गावांतल्या कुटुंबांना मात्र वाघासाठी जंगलाबाहेर वसवलं गेलं.

जागा सोडणं म्हणजे काय, हे न्हावा-शेव्याच्या आपल्या आगरी-कोळी बायांना सांगायला नको. 1989 मध्ये बंदर सुरू झालं, त्याआधीच शेती आणि मिठागरं गेली होती.

म्हणून माझी सूचना अशी: मुक्काम गावातल्या घरी करायचा, जेवण तिथल्या बायांच्या हातचं घ्यायचं, गाईड बाई मिळाली तर तीच घ्यायची. एक संध्याकाळ तिथल्या बचत गटासोबत बसायचं. खर्चाचा हिशोब पुढच्या बैठकीत मांडते. तोवर प्रत्येकीनं त्यांना विचारायचा एक प्रश्न वहीत लिहून ठेवा.