गिरण्यांच्या गावातले सोमाली (लेखांक पाचवा)

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या लुईस्टन शहरात पहिली काही सोमाली कुटुंबं राहायला आली. त्यांना तिथे कुणी पाठवलं नव्हतं. मागच्या लेखांकात पाहिलेली सरकारी पद्धत वेगळी होती. केनियातल्या दादाबसारख्या निर्वासितांच्या छावणीतून निवड व्हायची, विमानाचं तिकीट कर्जाऊ मिळायचं, कुठल्या शहरात उतरायचं ते संस्था ठरवायच्या आणि सुरुवातीचे काही आठवडे घर, शाळा, दवाखान्याची सोय लावून द्यायच्या. त्यानंतर माणूस देशात कुठेही राहायला मोकळा असायचा.

अटलांटाच्या परिसरात उतरवलेल्या अनेक सोमाली कुटुंबांनी हाच मोकळेपणा वापरला. तिथल्या वस्त्यांमध्ये मुलांच्या जिवाची आणि शिक्षणाची काळजी होती. मग जाणत्या मंडळींनी माणसं पुढे धाडली. चारा-पाणी बघून यायचं आणि मगच तांडा हलवायचा, ही सोमाली पशुपालकांची जुनी रीत. या वेळी बघायचं होतं घरभाडं, शाळा आणि रात्री रस्त्यावर वाटणारी भीती. मेनमधल्या पोर्टलंड शहरात घरं अपुरी पडू लागली, तेव्हा जवळच्या लुईस्टनचं नाव पुढे आलं. तिथल्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडल्या होत्या, तरुण गाव सोडून गेले होते आणि शहराच्या मध्यभागातल्या चाळवजा लाकडी इमारतींमध्ये घरं रिकामी होती.

त्या इमारतीही स्थलांतरितांसाठीच उभ्या राहिल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात क्वेबेकमधून फ्रेंच बोलणारे कॅथलिक कामगार आगगाडीनं इथे उतरले आणि गिरण्यांमध्ये राबले. १९१९मध्ये मेन राज्यानं सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याचा कायदा केला, आणि पुढच्या दशकात कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्या फ्रेंच बोलणाऱ्या कामगारांचीच नातवंडं-पतवंडं आता लुईस्टनचे जुने रहिवासी होती.

छत्तीसेक हजार वस्तीच्या गावात दीड वर्षात अकराशेच्या आसपास सोमाली आले. मेनच्या कायद्यानुसार गरजूंना तातडीची मदत देण्याची जबाबदारी नगरपालिकेवर असते. त्यामुळे ओझ्याची चर्चा थेट करदात्याच्या घरात शिरली. ऑक्टोबर २००२मध्ये महापौर लॅरी रेमंड यांनी सोमाली वडीलधाऱ्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. शहराची ताकद संपली आहे, तुमच्या लोकांना येण्याचा वेग कमी करायला सांगा, असा त्याचा आशय होता. शहराच्या तिजोरीवरचा ताण खरा होता, पण तो बोलून दाखवण्याची ही रीत चुकीची होती. आर्थिक अडचण राज्य सरकारपुढे मांडायची असते. ती एका समाजाच्या दारावर चिकटवली की तो समाजच अडचण ठरतो. वडीलधाऱ्यांनी पत्रानंच उत्तर दिलं आणि आपलं दुखावलेपण स्पष्ट शब्दांत कळवलं.

त्या पत्राचा वास लागून गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या एका संघटनेनं ११ जानेवारी २००३ला लुईस्टनमध्ये सभा जाहीर केली. सभेला जेमतेम काही डझन माणसं जमली. त्याच दिवशी गावातल्याच बेट्स कॉलेजात सोमाली शेजाऱ्यांच्या बाजूनं चार हजारांहून अधिक लोक कडाक्याच्या थंडीत गोळा झाले.

मेळावा एका दिवसाचा असतो. सोमवारी दवाखान्यात काय होतं, यावर पुढचं सगळं ठरतं. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२मध्ये, आणि १९९१मध्ये सोमालियात सियाद बारे यांची राजवट कोसळून यादवी पेटली. त्या धुमाळीत आणि छावण्यांत वाढलेल्या कित्येक बायकांना कुठलीच भाषा वाचता येत नव्हती. अशा बाईला लशीची माहितीपत्रकं सोमालीत छापून दिली तरी कागद कोराच. तिला समोर बसून सांगणारं माणूस लागतं, आणि ते माणूस तिचा दहा वर्षांचा मुलगा असून चालत नाही. आईचं दुखणं मुलाच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोचताना अर्धं गळतं. फातुमा हुसेन यांनी २००१मध्ये सुरू केलेली ‘युनायटेड सोमाली विमेन ऑफ मेन’ ही संस्था अशा कामातून वाढली. दुभाषी पुरवणं, घरात मार खाणाऱ्या बाईला तिच्या भाषेत बोलणारं कुणी देणं, कामासाठी तयार करणं. सोमाली बाईनं सोमाली बाईसाठी चालवलेली संस्था असल्यानं दार उघडायला वेळ लागला नाही.

घरांचा प्रश्न मात्र अजून चिवट आहे. स्वस्त भाड्याच्या त्या जुन्या इमारतींच्या खिडक्या-चौकटींवर शिशाचा रंग आहे. त्याची धूळ रांगत्या मुलांच्या पोटात जाते आणि मेंदूवर परिणाम करते. लुईस्टनमध्ये शिशाच्या विषबाधेचं प्रमाण राज्यात फार वरचं राहिलं आहे. केंद्राच्या अनुदानातून रंग खरवडण्याचं काम चालतं, पण घरं पुष्कळ आहेत.

शाळेत वेगळंच घडत होतं. लुईस्टन हायस्कूलचे फुटबॉल प्रशिक्षक माइक मॅकग्रॉ यांच्याकडे छावण्यांच्या मातीत अनवाणी खेळून तयार झालेली मुलं आली. सोमालिया, केनिया, काँगो आणि मेनमधलीच गोरी मुलंही एका संघात. सामन्याआधी सगळे गोल करून स्वाहिलीत एक-दोन-तीन मोजत आणि ‘एकत्र, भावांनो’ अशी आरोळी देत. नोव्हेंबर २०१५च्या राज्य अंतिम सामन्यात एका खेळाडूनं बाजूच्या रेषेवरून धावत येऊन चेंडू दोन्ही हातांत धरून जमिनीवर टेकवला, त्यावरून कोलांटी घेतली आणि उठता उठता तो थेट गोलासमोर भिरकावला. त्यातूनच सामन्यातला एकमेव गोल झाला. संघ मोसमभर अपराजित राहिला, आणि शाळेला फुटबॉलचं पहिलं राज्य विजेतेपद मिळालं. चार वर्षांनी, २०१९मध्ये, तेवीस वर्षांच्या सोमाली तरुणी सफिया खालिद यांना गावानं नगरपरिषदेवर निवडून दिलं. प्रचारात त्यांना इंटरनेटवरून शिव्याशाप आणि धमक्या सोसाव्या लागल्या होत्या.

सोमाली म्हणून ओळखले जाणारे सगळे पशुपालक नसतात. जुब्बा नदीच्या खोऱ्यातले बांटू हे शेतकरी. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात गुलाम म्हणून तिथे आणले गेले, आणि सोमालियातही त्यांना खालचं मानलं गेलं. लुईस्टनमध्ये त्यांची वेगळी संस्था आहे, आणि तिनं शेती उभी केली आहे: ‘लिबरेशन फार्म्स’. सुरुवातीला जमीन खंडानं घेतलेली. मालकाचा विचार बदलला की मशागत केलेली माती सोडायची. कर्ज काढून जमीन घ्यावी, तर व्याज धर्माला मान्य नाही. म्हणून जमीन एका सामाईक न्यासाच्या नावे घेऊन शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानं देण्याचा मार्ग निघाला. लुईस्टनजवळच्या वेल्स गावात शंभराहून अधिक एकरांच्या जागेत आता मका आणि भाजीपाला होतो. प्रत्येक कुटुंबाला घरच्यापुरता तुकडा, आणि विक्रीसाठी गटानं मिळून केलेलं शेत, अशी त्याची मांडणी आहे. मका घेतात तो कडक दाण्याचा, पिठासाठीचा.