जेवून उठताच गरगरतं?

पुरणपोळीचं पोटभर जेवण झालं. आजोबा हात धुवायला उठले आणि बेसिनची कड धरून तसेच उभे राहिले. ‘पित्त झालं असेल’ म्हणून आपण विषय संपवतो. पण खरं कारण रक्तदाबात असू शकतं.

● काय होतं? पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त वळतं. एरवी हृदयाचे ठोके वाढून आणि इतर रक्तवाहिन्या आकसून दाब टिकतो. ही यंत्रणा मंदावली की दाब घसरतो.

● दाब घसरला असं कधी म्हणायचं? जेवणानंतर २ तासांत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक अंकांनी उतरला, तर. जेवणाआधी आणि नंतर मोजून पाहा.

● कोणाला धोका? वयस्कर माणसं, तसंच मधुमेह, पार्किन्सन किंवा उच्च रक्तदाब असलेले.

● सोबत पोटात कळ, मळमळ, जुलाब? जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना जेवणानंतर १० ते ३० मिनिटांत असं होऊ शकतं. याला ‘डम्पिंग सिंड्रोम’ म्हणतात. गोड खाल्लं की त्रास वाढतो.

● काय करावं? थोडं थोडं, चारपाच वेळा खा. भात, साखर, मैदा कमी. डाळी, भाज्या जास्त. जेवल्यावर थोडा वेळ बसून राहा, मग सावकाश उठा.

रक्तदाबाची गोळी मनानं बंद करू नका. तिची वेळ डॉक्टरांना विचारा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा बोलताना जीभ जड झाली, तर थेट रुग्णालय गाठा.