नागीण बरी झाली, पण आग थांबत नाही: लेझरच्या प्रकाशाचा उपयोग होतो का?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दर्यापूरकडचे सत्तरीतले एक काका मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. उन्हाळ्यात त्यांना छातीवर नागीण उठली होती. पंधरा-वीस दिवसांत फोड वाळले, खपल्या पडल्या, डागही फिके झाले. पण दुखणं मात्र तसंच राहिलं. "मॅडम, फोड गेले पण आग काही जात नाई. सदरा अंगाले लागू देत नाई," असं ते सांगत होते. पाच महिने त्यांना सलग झोप नव्हती. कोणीतरी त्यांना लेझरच्या वीस सिटिंगचं पॅकेज सांगितलं होतं. सोयाबीन विकून आलेले पैसे त्यात घालायचे की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "घेऊ का नोको, तुम्ही सांगा."

हा प्रश्न मला आता वारंवार विचारला जातो. म्हणून त्याचं उत्तर थोडं सविस्तर देते.

आधी समजून घ्या: नागीण म्हणजे काय?

नागीण हा वेगळा बाहेरून आलेला आजार नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेह किंवा मोठं आजारपण आलं, प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो. मग ज्या नसेत तो दडलेला असतो, त्याच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणूनच फोड शरीराच्या एकाच बाजूला आणि पट्ट्यासारखे येतात.

आपल्याकडे आजही लोक घाबरवतात की नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस मरतो. हे खरं नाही. प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूला जाते, त्यामुळे फोड सहसा मधली रेषा ओलांडत नाहीत. फार कमी प्रतिकारशक्ती असलेल्या रुग्णात फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरू शकतात. तेव्हा लगेच दवाखान्यात भरती होण्याची गरज असते, पण त्याचा संबंध तोंडं जुळण्याशी नसतो.

फोड गेल्यावरही दुखतं कशामुळे?

विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदराने कुरतडली तर काय होतं? मोटार बंद असली तरी वायरीतून ठिणग्या उडतात, आणि हात लागला की झटका बसतो. नागिणीच्या विषाणूने नसेचं असंच नुकसान केलेलं असतं. जखमी नस कारण नसताना मेंदूला दुखण्याचे निरोप पाठवत राहते. म्हणून कपड्याचा स्पर्श, पंख्याची झुळूक, अंघोळीचं पाणी हेसुद्धा सहन होत नाही. काही ठिकाणी याच्या उलट कातडी बधिर होते. एकाच पट्ट्यात आग आणि बधिरपणा दोन्ही असू शकतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही हे दुखणं राहिलं, तर त्याला नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना म्हणतात. नागीण झालेल्या साधारण दहा जणांपैकी एक-दोघांना ती होते. साठीनंतर, आणि सुरुवातीला ज्यांचं दुखणं फार तीव्र होतं त्यांना, तिचा धोका जास्त असतो. बहुतेकांचं दुखणं महिन्यांगणिक हळूहळू कमी होत जातं. काहींचं मात्र वर्षानुवर्षं टिकतं.

हे दुखणं मनाचे खेळ नाहीत. कातडीवर काही दिसत नाही म्हणून घरच्यांनी "आता कुठं दुखते?" असं म्हणू नये. न झोपलेला, कपडा सहन न होणारा म्हातारा माणूस चिडचिडा होतो, जेवण सोडतो, खचतो. त्याला आधी विश्वास हवा असतो.

प्रकाशाचा उपचार नेमका काय करतो?

1967 मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टचे डॉ. एन्ड्रे मेस्टर उंदरांवर कमी शक्तीच्या लाल लेझरचा प्रयोग करत होते. ज्या जागेचे केस काढून प्रकाश दिला, तिथे केस लवकर उगवलेले त्यांना दिसले. तिथून या उपचाराची सुरुवात झाली. याला कमी शक्तीचा लेझर किंवा फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. शस्त्रक्रियेतला लेझर पेशी जाळतो, हा जाळत नाही.

यात साधारण 600 ते 1100 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, म्हणजे लाल आणि त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे छोटे कारखाने असतात. त्यातलं एक प्रथिन हा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे पेशीची ऊर्जा वाढते, सूज कमी होते आणि नसेतून जाणारे दुखण्याचे निरोप मंदावतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण प्रकाश कातडीखाली फार खोल जात नाही. कण्याजवळच्या मूळ गाठीपर्यंत तो पोहोचेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम मुख्यतः वरच्या नसांवर होतं.

मग पुरावा काय सांगतो?

1980 आणि 1990च्या दशकांत जपानमध्ये या दुखण्यावर लेझर वापरून काही अभ्यास झाले. अनेक रुग्णांचं दुखणं कमी झाल्याचं त्यात नोंदवलं गेलं. नागीण ताजी असतानाच लेझर दिला तर पुढचं दुखणं टळतं का, यावरही काम झालं आहे. निकाल आशा वाटावी असे आहेत, पण अभ्यास लहान आहेत. प्रत्येकाचं मशीन वेगळं, प्रकाशाची मात्रा वेगळी, सिटिंगची संख्या वेगळी.

इथे एक अडचण नीट समजून घ्या. हे दुखणं काळाबरोबर आपोआपही कमी होतं. समजा तुम्ही वीस सिटिंग घेतल्या आणि दोन महिन्यांत बरं वाटलं, तर ते लेझरमुळे की दोन महिने गेल्यामुळे? हे ओळखण्यासाठी निम्म्या रुग्णांना खरा लेझर आणि निम्म्यांना न कळता बंद लेझर देऊन तुलना करावी लागते. असे मोठे, नीट झालेले अभ्यास या दुखण्यासाठी अजून पुरेसे नाहीत. कर्करोगाच्या उपचारात तोंडात होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी मात्र या प्रकाशाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत शिफारस आहे. म्हणजे ही पद्धत थोतांड नाही. पण एका आजारात सिद्ध झालं म्हणून दुसऱ्यात आपोआप सिद्ध होत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे कोड आणि सोरायसिससाठी अतिनील किरणांची मशीन असते. तेही नागिणीच्या दुखण्यावर वापरून पाहिलं गेलं आहे, पण तिथेही अभ्यास छोटेच आहेत.

थोडक्यात, लेझर हा जोडीचा उपचार होऊ शकतो. मुख्य उपचाराची जागा तो घेऊ शकत नाही.

मुख्य उपचार कोणते?

साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. त्या रोज खाऊन किडनी आणि पोट मात्र बिघडतं. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात.

- गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन: जखमी नसेच्या ठिणग्या शांत करतात. सुरुवात कमी मात्रेने करतात. चक्कर आणि झोप येऊ शकते, म्हणून म्हाताऱ्या माणसाने रात्री उठताना आधार घ्यावा. किडनीचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते.
- अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन: रात्री घ्यायची, स्वस्त गोळी. मूळची नैराश्याची असली तरी इथे ती नसेसाठी दिलेली असते, तेव्हा चिठ्ठी वाचून घाबरू नका. हृदयाचा आजार, प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.
- लिडोकेनची पट्टी: दुखऱ्या जागी अखंड कातडीवर 12 तास लावून 12 तास काढून ठेवतात.
- कॅप्सेसिनचं मलम: मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो त्याचंच हे मलम. पहिले काही दिवस जळजळ होते. जखमेवर लावू नका, आणि लावल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. हळूहळू कमी कराव्या लागतात. जनऔषधी केंद्रात कमी किमतीत मिळतात का, तेही विचारून पाहा.

लेझर घ्यायचाच असेल तर

औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही दुखणं राहिलं, किंवा वयामुळे औषधं सोसत नसतील, तर लेझर करून पाहायला माझी हरकत नसते. पण या गोष्टी पाळा.

1. सगळ्या पॅकेजचे पैसे आधी भरू नका. सिटिंगनुसार द्या.
2. सुरुवात करण्याआधी आठवडाभर रोज वहीत दुखण्याला 0 ते 10 पैकी अंक द्या. रात्री किती तास झोप लागली तेही लिहा. सहा ते आठ सिटिंगनंतर पुन्हा पाहा. किमान 2 अंकांची घट नसेल आणि झोपही सुधारली नसेल, तर तिथेच थांबा.
3. सिटिंगच्या वेळी रुग्ण आणि देणारा, दोघांच्याही डोळ्यांवर त्या लेझरसाठीचा चष्मा हवा. चष्मा नाही म्हणाले तर उठून या. डोळ्याजवळच्या नागिणीवर तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लेझर नकोच.
4. त्या जागी कर्करोगाची गाठ असेल किंवा पूर्वी होती, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर आधी सांगा. अतिनील किरण घ्यायचे असतील तर चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी दाखवा. काही औषधांनी कातडी प्रकाशाला हळवी होते.
5. लेझर सुरू झाला म्हणून गोळ्या बंद करू नका.

लाल दिव्याचा शेक म्हणजे लेझर नव्हे

बाजारात मिळणारा लाल दिवा हा उष्णता देणारा दिवा आहे. माझ्याकडे एक आजी बरगडीवर भाजल्याची जखम घेऊन आल्या होत्या. घरच्यांनी प्रेमाने रोज अर्धा तास लाल दिवा लावला होता. कातडी बधिर होती, त्यामुळे भाजतंय हे आजींना कळलंच नाही. नागिणीचं दुखणं राहिलं ते राहिलं, वर दीड महिना ड्रेसिंग करावं लागलं. अमरावतीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तपोवनात कुष्ठरुग्णांची सेवा झालेली आपण पाहिली आहे. बधिर हाताला चुलीचा चटका कळत नाही, तसंच हे आहे. म्हणून शेक, गरम पाण्याची पिशवी, थेट बर्फ यातलं काहीही बधिर कातडीवर ठेवू नका.

उन्हात बसूनही हा उपचार होत नाही. आपल्या अकोल्या-अमरावतीच्या मे महिन्यात घामाने आणि उष्णतेने आग वाढतेच. मऊ, सैल सुती बनियन, आणि वरून घट्ट न होणारा सदरा एवढं बरं.

नागीण ताजी असेल तर वेळ घालवू नका

सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या, तर आजार लवकर आटोक्यात येतो आणि सुरुवातीचं दुखणंही कमी होतं. गेरूचा लेप आणि मंत्र यात हे तीन दिवस निघून जातात, याचं मला सर्वात वाईट वाटतं. गेरू लावलाच असेल तर लाजू नका, पण आधी दवाखान्यात या. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. दृष्टी जाऊ शकते. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तरी तीच घाई करा. अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा.

पन्नाशीनंतर घेता येणारी नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. ती महाग आहे, पण नागीण टाळण्यात बरीच प्रभावी आहे. मात्र ती झालेलं दुखणं बरं करत नाही.

काकांचं काय झालं?

त्यांच्या पिशवीत डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या निघाल्या. पाच महिन्यांत नसेचं औषध त्यांना कोणी दिलंच नव्हतं. साखर तपासली, तीही वाढलेली. मी त्यांना सांगितलं, सोयाबीनचे पैसे आत्ता घरीच राहू द्या. कमी मात्रेत रात्रीची गोळी सुरू केली, वही घालायला सांगितली. सुरुवातीला वहीत रोज 8 होते. सहा आठवड्यांनी 4 झाले. आग पूर्ण गेली नाही, हे मी लपवत नाही. पण ते रात्री पाच तास झोपू लागले आणि अंगात सदरा घालून आले. लेझरचा विषय त्यांनी पुन्हा काढला, तेव्हा आम्ही ठरवलं: 4 वरून खाली येणं थांबलं, तर सहा सिटिंग करून पाहू, पैसे सिटिंगनुसार.

तुमच्या घरातही कोणी असं दुखणं सोसत असेल, तर उद्या दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि आठवड्याभराची वही सोबत न्या. "वय झालं, सहन करा" हे उत्तर मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. या दुखण्यावर उपचार आहे.

*हा लेख माहितीसाठी आहे. कोणतंही औषध किंवा उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करा.*