कागदावरचा लेफ्टनंट

लष्करी दप्तरावरून माणसाची योग्यता ठरवू गेले, म्हणजे कशी फसगत होते याचा एक मासला आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे. अमेरिकेच्या युद्धखात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० रोजी आग लागून जुने कागद जळाले, हे तर आहेच. पण जे कागद उरले ते तरी खरे बोलतात काय?

१८०३ च्या जूनमध्ये कॅप्टन मेरीवेदर लुईस याने विल्यम क्लार्क यास पत्र घातले. अध्यक्ष जेफर्सन यांनी पॅसिफिक महासागरापर्यंत मोहीम धाडावयाचे ठरविले होते. तीत बरोबरीचा कॅप्टन म्हणून ये, असे ते आमंत्रण. गंमत अशी, की पूर्वी सैन्यात हाच लुईस क्लार्कच्या हाताखाली होता! क्लार्क आला. पण १८०४ च्या मे महिन्यात, निघण्याच्या तोंडावर, सनद हाती पडली ती तोफखान्यातील सेकंड लेफ्टनंटची. दोघांनी शिपायांना त्याचा पत्ताच लागू दिला नाही. सर्वांना क्लार्क कॅप्टनच राहिला.

आणि त्या रानातला कॅप्टन म्हणजे काय? शिपायांची दारू मोजून देणारा कोठीवाला. पहाऱ्यावर झोपलेल्यास १०० फटके सांगणारा न्यायाधीश. आणि वैद्यही तोच! डॉक्टर बरोबर नव्हता, जुलाबाच्या ६०० गोळ्या मात्र होत्या. १८०५-०६ चा हिवाळा पॅसिफिकच्या काठी फोर्ट क्लॅट्सॉप येथे गेला. शंभरावर दिवसांत पावसाविना गेले ते अवघे बारा. कपडे कुजले, पिसवांनी झोप उडविली. तशातच क्लार्कने आल्या वाटेचा नकाशा पुरा केला.

परतल्यावर युद्धमंत्री डिअरबॉर्न यांनी लुईसला १६०० एकर व क्लार्कला १००० एकर जमीन सुचविली. लुईसचा आग्रह समान वाटणीचा होता, आणि काँग्रेसने दोघांनाही १६०० एकर दिली. हुद्दा मात्र सुधारला नाही. क्लार्कने सनद परत केली. १८३८ मध्ये तो वारला, तेव्हाही त्या मोहिमेपुरता तो कागदावर लेफ्टनंटच होता.

शिपायांना दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन मिळाली. क्लार्कचा गुलाम यॉर्क याने तीच वाट तुडविली, शिकार केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्याच्या नावे एक पैही पडली नाही. त्याने स्वातंत्र्य मागितले, तेव्हा क्लार्कने, ज्याला स्वतःवरील अन्याय चांगला कळला होता त्याच क्लार्कने, ते अनेक वर्षे नाकारले.

१७ जानेवारी २००१ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी क्लार्कला मरणोत्तर कॅप्टन केले. त्याच दिवशी यॉर्कला मानद सार्जंट हा हुद्दा मिळाला.